१३.१ म्हणजे किती दिवस?

प्रश्न : माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट फेल्युअरचं निदान झालं, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २८ टक्के. बीटा-ब्लॉकरसकट (नाडी मंद करणारं औषध) सगळ्या गोळ्या वेळेवर घेतात. गेल्या महिन्यात त्यांच्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क लावून सायकल चालवायची तपासणी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये ‘पीक व्हीओ-टू १३.१’ आलं. पुढची अपॉइंटमेंट उशिराची होती, म्हणून धाकट्या भावाने इंटरनेटवर शोधलं. ‘१४ च्या खाली म्हणजे हृदय प्रत्यारोपण, नाहीतर वर्षभर’ असं काहीतरी त्याला सापडलं आणि त्याने ते बाबांसमोरच मोठ्याने वाचलं. त्या दिवसापासून बाबांनी संध्याकाळचं फिरणं सोडलंय. आईने फाइल कपाटात साड्यांच्या खाली लपवलीय. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र व्हीओ-टू मॅक्स २६ दाखवतं, मग खरं काय धरायचं? इतकं कमकुवत हृदय असलेल्या माणसाला दमेपर्यंत सायकल मारायला लावणं बरोबर होतं का? आणि स्पष्टच विचारते, बाबांकडे किती वेळ आहे? रिपोर्टचे फोटो जोडले आहेत.
— एक मुलगी

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्यासाठीच विचारलेत हे कळतंय. बाबांकडे किती वेळ आहे ते हा रिपोर्ट सांगत नाही. मी विषय टाळतेय असं समजू नका. या तपासणीच्या मशीनशेजारी मी बरीच वर्षं उभी राहिले आहे, तिच्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बाबांचा हा कागद त्या कामाचा नाही, आणि का नाही ते त्याच कागदावर छापलेलं आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पहिल्या पानावर पीक व्हीओ-टू, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर किलोमागे मिनिटाला किती मिलिलीटर ऑक्सिजन वापरतं तो आकडा, १३.१ असा ठळक अक्षरात आहे, सगळ्यांची नजर तिथेच गेली. मी दुसऱ्या पानाच्या तळाशी गेले. तिथे बारीक अक्षरात ‘आरईआर ०.९६’ आहे. त्याखाली तंत्रज्ञाने हाताने लिहिलंय : ६ मिनिटं १० सेकंदांनी थांबले, मांड्या भरून आल्या, मास्कमध्ये गुदमरल्यासारखं वाटलं.

आरईआर म्हणजे शरीर बाहेर टाकतं त्या कार्बन डायऑक्साइडचं, आत घेतलेल्या ऑक्सिजनशी असलेलं प्रमाण. स्वस्थ बसलेल्या माणसात ते ०.८ च्या आसपास असतं. श्रम वाढत गेले की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठायला लागतं, ते निस्तरताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि हे प्रमाण १ च्या वर सरकतं. माणूस खरोखर त्याच्या शेवटापर्यंत गेला असं म्हणायला आम्हाला निदान १.०५ लागतं, १.१० दिसलं तर समाधान वाटतं. ०.९६ म्हणजे बाबा थकण्याआधीच सायकलवरून उतरले. १३.१ हा त्यांचा ‘पीक’ नाहीच. ते थांबले त्या पायरीचा तो आकडा आहे, गड त्यांनी चढून पाहिलेलाच नाही.

यात बाबांची काही चूक नाही. चाळीस वर्षांत सायकलला पाय न लावलेल्या माणसाला स्थिर सायकलवर बसवलं की हृदय तक्रार करायच्या आधी मांड्या करतात. त्याच माणसाला ट्रेडमिलवर चालवलं तर आकडा साधारण १० ते २० टक्क्यांनी जास्त येतो. चालणं तर आपण रोजच करतो. शिवाय मास्क. नाकातोंडावर रबर घट्ट बसलं की पहिल्या दोन मिनिटांत बऱ्याच लोकांना आपला श्वास कोंडतोय असं वाटतं, आणि एरवीही दम लागणाऱ्याला तर वाटणारच. तपासणीपूर्वी पाच मिनिटं तो मास्क नुसता लावून बसू दिलं तर बराच फरक पडतो. दिलं होतं का, हे बाबांना विचारा.

आता त्या १३.१ चाच हिशोब करू. पहिल्या पानावर बाबांचं वजन ८४ किलो आहे आणि मिनिटाला घेतलेला ऑक्सिजन ११०० मिलिलीटर. ११०० ला ८४ ने भागा, १३.१ येतात. समजा बाबांचं वजन ७८ असतं. हृदय तेच, फुप्फुसं तीच, ऑक्सिजनही तोच ११०० मिलिलीटर. भागाकार येतो १४.१. तुमच्या भावाने वाचलेली ती रेघ बाबा सहा किलोंवर ओलांडून गेले असते, आणि हृदयात तसूभरही बदल नाही! चरबी आणि अंगात साठलेलं पाणी ऑक्सिजन फारसा खात नाहीत, पण भागाकारात मात्र खाली जाऊन बसतात. म्हणूनच जास्त वजनाच्या रुग्णांत हा आकडा चरबी सोडून बाकीच्या वजनावर काढायची पद्धत आहे. स्त्रियांत आणि पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तर नुसत्या आकड्याऐवजी वयाच्या मानाने अपेक्षित क्षमतेच्या किती टक्के आहे ते बघतात.

मग ही १४ ची रेघ आली कुठून? १९९१ साली अमेरिकेत डोना मॅन्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्या ११४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा अडचण अशी होती, आणि आजही आहे, की देणगीत मिळणारी हृदयं थोडी आणि गरजू फार. कुणाला थांबवलं तर चालेल हे ठरवायला त्यांनी याच तपासणीचा आधार घेतला. ज्यांचा आकडा १४ च्या वर होता त्यांचं प्रत्यारोपण लांबवलं, आणि त्यांतले ९४ टक्के वर्षानंतर जिवंत होते. १४ किंवा त्याहून कमी आणि प्रत्यारोपणाच्या यादीत घेतलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होतं. १४ किंवा कमी, पण दुसऱ्या आजारामुळे यादीत न बसणाऱ्यांत ४७ टक्के.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. अभ्यासाचा मुद्दा ‘१४ च्या खालचे मरतात’ हा नव्हता, ‘१४ च्या वरच्यांना निर्धास्तपणे थांबवता येतं’ हा होता. इंटरनेटवर येता येता तो उलटा झाला.

त्यातले रुग्ण १९८० च्या दशकातले होते. बीटा-ब्लॉकर तेव्हा हार्ट फेल्युअरमध्ये द्यायचं नाही असाच दंडक होता. ठोके बिघडले तर झटका देऊन सावरणारं, छातीत बसवायचं डिफिब्रिलेटर जेमतेम आलं होतं, आणि आज बाबांच्या डबीत आहेत त्यांतली निम्मी औषधं जन्मालाच यायची होती. बीटा-ब्लॉकरची गंमत अशी की ते आयुष्य वाढवतं, पण पीक व्हीओ-टू जवळजवळ आहे तिथेच ठेवतं. म्हणजे तेवढ्याच आकड्यावर आजचा रुग्ण तेव्हाच्या रुग्णापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. म्हणूनच पुढे प्रत्यारोपणाच्या मार्गदर्शक सूत्रांत बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी ही रेघ १४ वरून १२ वर आणली. बाबा बीटा-ब्लॉकर घेतात. अपुऱ्या तपासणीतही त्यांचा आकडा १२ च्या वर आहे. भावाला हे जरूर सांगा, पण रागावून नको. त्याने भीतीपोटीच शोधलं होतं.

याचा अर्थ रिपोर्ट फेकून द्या असाही नाही. माणूस अर्ध्यावर उतरला तरी ज्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो अशी एक गोष्ट त्यात आहे : व्हीई/व्हीसीओ-टू स्लोप. नाव ऐकून दचकू नका. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती लिटर हवा आत-बाहेर करावी लागते, एवढंच ते सांगतं. निरोगी माणसाचं काम ३० लिटरच्या आत भागतं. हृदय मागे पडलं की फुप्फुसांतला रक्तप्रवाह विस्कळीत होतो, श्वास उगाच जास्त घ्यावा लागतो आणि हा आकडा चढतो. ३५ च्या पुढे गेला की आम्ही खुर्चीत सरसावून बसतो, ४५ च्या पुढे असेल तर फारच काळजी करतो. बाबांचा ३२ आहे. निरोगी नाही, पण घाबरवणाराही नाही. मला विचाराल तर या दोन पानांवरचा सर्वांत कामाचा आकडा हाच, आणि घरात कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अजून एक. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हिमोग्लोबिन १०.४ लिहिलंय. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच लहान असेल तर पोचणारा मालही कमीच. हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन रक्ततपासण्या झाल्यात का, ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या २२५ रुग्णांवर या गोळ्यांची परीक्षा झाली, आणि १६ आठवड्यांत तोंडाने घेतलेल्या लोहाने पीक व्हीओ-टू वाढलं नाही. गरज असेल तर शिरेतून द्यायचं लोह आहे, पण ते डॉक्टर ठरवतील.

‘दमेपर्यंत सायकल मारायला लावणं बरोबर होतं का’ — होय, बरोबर होतं. ईएफ २८ टक्के हे बिछान्यावर निवांत पडलेल्या हृदयाचं मोजमाप आहे. २८ टक्के ईएफ असलेला एखादा माणूस दोन जिने बोलत बोलत चढतो, आणि दुसरा ३५ टक्केवाला बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरतो. हे मी दोन्ही पाहिलंय. श्रमाच्या वेळी हृदय, फुप्फुसं, रक्त आणि स्नायू या सगळ्यांची एकत्र परीक्षा होते, आणि पुढचा अंदाज बांधायला ती परीक्षा ईएफपेक्षा जास्त कामाला येते. १९८० च्या दशकातच वेबर आणि जॅनिकी यांनी रुग्णांची याच आकड्यावर वर्गवारी केली : २० च्या वर अ, १६ ते २० ब, १० ते १६ क आणि १० च्या खाली ड. धापा टाकत वरच्या मजल्यावर जाणारे बरेचसे लोक त्या ‘क’ वर्गात सापडतील. साधा एक जिना चढायला शरीराला स्वस्थ बसल्याच्या चौपट ऑक्सिजन लागतो असं धरतात, म्हणजे किलोमागे मिनिटाला १४ मिलिलीटर. या तपासणीतलं ‘१४’ आणि घरातला जिना हे असे एकमेकांजवळ येतात.

आणि धोका? अवघड आजारातही तो लहान आहे. ईएफ ३५ टक्के किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात अशा ४४११ तपासण्या झाल्या. तपासणीमुळे एकही मृत्यू झाला नाही, हृदयाच्या ठोक्यांचा गंभीर बिघाड दोनदाच झाला. अर्थात हे सगळं ईसीजी सतत समोर चालू असताना, प्रशिक्षित माणसं शेजारी असताना. छातीत नुकतंच दुखून गेलं असेल, पायावर सूज चढती असेल, महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल किंवा अंगात ताप असेल तर आम्ही कुणालाच सायकलवर बसवत नाही.

घड्याळाचं थोडक्यात सांगते. घड्याळाला श्वासातला ऑक्सिजन मोजता येत नाही. तुमचा वेग आणि नाडी बघून ते गणित मांडतं : एवढं चालूनही नाडी कमीच आहे, म्हणजे गडी तंदुरुस्त दिसतो! बाबांची नाडी कमी आहे ती बीटा-ब्लॉकरमुळे. बिचाऱ्या घड्याळाला ते ठाऊक नाही. २६ हा आकडा सोडून द्या. पावलं मोजायला घड्याळ छान आहे.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. १३.१ ची नाही. बाबांनी फिरणं सोडलंय त्याची.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. विशीतली पोरं, हृदयं ठणठणीत. तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन घ्यायची कमाल क्षमता चौथाईहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना शोधून पुन्हा तपासलं. पन्नाशीतल्या त्या माणसांपैकी एकाचीही क्षमता त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानंतर होती तेवढी खालावलेली नव्हती. तीस वर्षांच्या म्हातारपणापेक्षा तीन आठवड्यांची निजानीज भारी पडली. आता दुखऱ्या हृदयाचा ६१ वर्षांचा माणूस महिनाभर खुर्चीत बसला तर काय होईल याचा विचार करा. आकडा वाचून बाबा बसले, आणि बसल्याने तोच आकडा आणखी खाली जाणार. पुढच्या तपासणीत तो कमी आला की घरात म्हणणार, बघा, इंटरनेटवर खरंच लिहिलं होतं.

तेव्हा फिरणं पुन्हा सुरू करायला डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, आजच फोन करून विचारा. महिन्याभरापूर्वी बाबा जेवढं चालत होते त्याच्या निम्म्याने, सपाट रस्त्यावर, बोलता येईल एवढ्या वेगाने सुरुवात करायला ते बहुधा हरकत घेणार नाहीत. मग त्यांना देखरेखीखालच्या व्यायामाच्या कार्यक्रमाबद्दल विचारा. ज्या अभ्यासात त्या ४४११ तपासण्या झाल्या त्यात २३३१ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर व्यायाम दिला, आधी ३६ सत्रं देखरेखीखाली, मग घरी. व्यायाम सुरक्षित निघाला, रोजच्या जगण्यात सुधारणा झाली. क्षमतेत पडलेला फरक मात्र माफक होता, हेही सांगायला हवं. कुणी ‘व्यायामाने हृदय पूर्ववत करून देतो’ म्हणत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, रात्री आडवं पडल्यावर श्वास लागून उठून बसावं लागलं, चक्कर येऊन शुद्ध गेली किंवा छातीत दुखलं, तर फिरणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. यात वाट बघण्यासारखं काही नसतं.

तपासणी पुन्हा करायला हवी असं माझं मत आहे, पण मी फक्त फोटो पाहिलेत. बाबांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. गुडघे साथ देत असतील तर ट्रेडमिलवर करता येईल का, ते विचारा. गोळ्या नेहमीच्या वेळी घेऊनच जायचं, बीटा-ब्लॉकर आदल्या दिवशी ‘आकडा चांगला यावा’ म्हणून परस्पर बंद करायचं नाही. खाणं दोन-तीन तास आधी आणि हलकं. पुढच्या प्रत्येक वेळी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच प्रकारच्या मशीनवर, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना करता येते. एका तपासणीपेक्षा सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या फार जास्त बोलतात. अशी तपासणी सहज करता येणार नसेल तर सहा मिनिटं चालण्याची चाचणी आहे. ३० मीटरचा सपाट मार्ग, दोन टोकांना दोन खुणा, हातात घड्याळ. ३०० मीटरही होत नसतील तर ते काळजीचं, ४५० च्या पुढे गेले तर दिलासा. ती तेवढी बारकाव्याची नाही, पण खोटंही बोलत नाही.

समजा पुन्हा केल्यावर आरईआर १.१२ आला, म्हणजे बाबांनी जीव तोडून केलं, आणि तरीही आकडा ११ आणि स्लोप ३८ आला तर? मग डॉक्टर प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे किंवा हृदयाला मदत करणाऱ्या पंपाबद्दल बोलायला पाठवतील. तिथे पाठवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. ती पडताळणी माणूस अजून चालता-फिरता असताना व्हावी लागते, कारण मूत्रपिंडं आणि यकृत थकून गेल्यावर तो दरवाजा अरुंद होत जातो. त्या वेळीसुद्धा कोणी ‘इतके महिने’ असं सांगू शकत नाही. मॅन्सिनींच्या अभ्यासातल्या, १४ किंवा कमी आकड्याच्या आणि यादीत घेतलेल्या गटातले ७० टक्के म्हणजे काय ते सांगता येतं. बाबा त्या ७० मध्ये की ३० मध्ये, हे कोणत्याच मशीनला ठाऊक नसतं.

आईंशी बोला. त्यांनी फाइल लपवली ती मायेपोटी, पण बाबांना ती कुठे आहे हे बहुतेक माहीत आहे. लपवलेल्या कागदावर छापलेल्यापेक्षा फार जास्त वाईट लिहिलेलं असतं. फाइल साड्यांखालून काढा, बाबांच्या हातात द्या, दुसरं पान उघडा आणि तळाचं ०.९६ त्यांना स्वतःला वाचू द्या. मग विचारा, ‘बाबा, त्या दिवशी खरंच दम लागला होता, की नुसते पाय दुखले?’ ते काय म्हणाले ते कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा आणि अपॉइंटमेंटला ते पान सगळ्यांत वर लावून न्या.